घरबसल्या शर्यत : लीगमध्ये पहिले पाऊल

२०२० सालच्या मार्च महिन्यात साथीच्या रोगामुळे जगभरची क्रीडांगणे ओस पडली. मोटारींच्या शर्यतीही त्यातून सुटल्या नाहीत. त्या महिन्याच्या २२ तारखेस, रविवारी, आपल्याकडे जनता कर्फ्यू होता आणि लोक दारे लावून घरात बसले होते. त्याच दिवशी अमेरिकेत एक नवलाची गोष्ट घडली. नॅस्कार या प्रख्यात शर्यत-संस्थेचे नामांकित चालक संगणकासमोर बसले आणि फ्लॉरिडातील होमस्टेड येथील ट्रॅकची जी हुबेहूब प्रतिकृती संगणकात तयार केलेली होती, तिच्यावर त्यांनी शर्यत केली. ही शर्यत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली आणि डेनी हॅम्लिन हा चालक तीत पहिला आला. फॉर्म्युला वननेही त्याच दिवशी पुढे ढकललेल्या बहारीन ग्रां प्रीच्या जागी अशीच एक शर्यत भरविली. तीत चीनचा तरुण चालक झोऊ ग्वान्यू विजयी झाला.

ज्यांनी हा प्रकार प्रथमच पाहिला त्यांना तो वेळ घालविण्याचा एक पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही. परंतु हा खेळ त्या महिन्यात जन्मास आलेला नव्हता. त्याला सिम रेसिंग असे म्हणतात. सिम म्हणजे सिम्युलेटर, अर्थात खऱ्या यंत्राच्या वर्तनाची तंतोतंत नक्कल करणारी व्यवस्था. वैमानिकांना शिकविताना जशी विमानाची नक्कल वापरतात, तशीच येथे मोटारीची वापरतात. टायरची पकड, इंजिनाचा जोर, ब्रेक लावताच मोटारीचा पुढे झुकणारा भार, वळणावर मागील चाकांचे घसरणे, या सर्वांचे गणित संगणक क्षणाक्षणाला करीत असतो आणि त्याचे उत्तर चालकाच्या हातातील स्टिअरिंगला धक्क्यांच्या रूपाने देत असतो.

या खेळाचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात पॅपिरस नावाची एक मंडळी होती. डेव्हिड केमर हा तिचा एक संस्थापक. या मंडळीने १९८९ साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीची नक्कल संगणकावर आणली आणि १९९८ साली जुन्या काळच्या ग्रां प्री शर्यतींची नक्कल तयार केली. पुढे २००४ साली केमर आणि जॉन हेन्री या दोघांनी आयरेसिंग ही संस्था स्थापिली व २००८ साली ती सभासदांना खुली झाली. खरे ट्रॅक लेझर किरणांनी मोजून त्यांचे खाचखळगेदेखील संगणकात उतरविणे, चालकाने टोपणनावाने न उतरता स्वतःच्या नावाने उतरणे, आणि त्याच्या वर्तनाची नोंद ठेवणे, या तीन गोष्टींवर या संस्थेने प्रथमपासून भर दिला. अशा प्रकारची इतरही साधने आहेत. इटलीतील कूनोस या कंपनीने २०१४ साली काढलेले असेट्टो कोर्सा आणि जपानमधील पॉलिफोनी डिजिटलचे ग्रॅन टुरिझ्मो ही त्यांतील दोन ठळक नावे होत.

आता लीग म्हणजे काय, ते पाहू. या साधनांवर दिवसाच्या कोणत्याही वेळी अनोळखी लोकांबरोबर शर्यत करता येते. तिला खुली शर्यत म्हणावे. आगगाडीच्या डब्यात जसे प्रवासी चढतात, बसतात आणि उतरून जातात, तसे तेथे लोक येतात आणि जातात. लीगचे तसे नाही. लीग म्हणजे ठरलेल्या पंधरा, वीस किंवा तीस लोकांची मंडळी. आठवड्याचा एक वार ठरलेला, वेळ ठरलेली, हंगामातील सहा, आठ किंवा दहा शर्यतींचे वेळापत्रक आधी जाहीर केलेले, गुणांचा तक्ता ठेवलेला, नियमांचे पुस्तक लिहिलेले आणि तक्रारी ऐकण्यास पंच नेमलेले. गावच्या क्रिकेट मंडळात व अशा लीगमध्ये तत्त्वतः काही अंतर नाही. अंतर एवढेच की, येथील एक खेळाडू हैदराबादला असेल, दुसरा दुबईला आणि तिसरा लिस्बनला.

म्हणूनच नवागताने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. खुल्या शर्यतीत झालेल्या चुकीची झळ परक्यांना बसते व ती विसरली जाते. लीगमध्ये मात्र एकाच्या उतावळेपणामुळे ज्याची शर्यत बुडते, त्याने त्या एका तासासाठी आठवडाभर सराव केलेला असतो, घरातील कामे आटोपून ती रात्र राखून ठेवलेली असते. आणि पुढल्या आठवड्यात त्याच्याच शेजारी पुन्हा उभे राहावयाचे असते. लीगमधील खरे भांडवल वेग हे नसून विश्वास हे आहे, असे जुने जाणते खेळाडू म्हणतात त्याचे कारण हेच.

साधनसामग्रीचा विचार प्रथम येतो. पुष्कळ तरुण येथेच चुकतात. सर्वांत महाग स्टिअरिंग घेतल्यावाचून आपला निभाव लागणार नाही अशी त्यांची समजूत होते. वस्तुस्थिती तशी नाही. दातेरी चक्रांवर चालणारे साधे स्टिअरिंग, जे दोन्ही बाजूंस मिळून ९०० अंश फिरते व हाताला उलट जोर देते, ते नवशिक्यास अनेक महिने पुरते. पट्ट्यावर चालणारी त्याहून सफाईदार असतात व ज्यांत स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसविलेले असते ती सर्वांत जोरकस असतात. परंतु ती पुढची पायरी. पैसे अधिक घालावयाचेच असतील तर ते ब्रेकच्या पेडलवर घालावेत. साधे पेडल पाय किती अंतर खाली गेला हे मोजते. चांगले पेडल पायाने किती दाब दिला हे मोजते. माणसाच्या पायाला अंतरापेक्षा दाब अधिक चांगला आठवतो, आणि शर्यतीत वेळ मिळतो किंवा जातो तो बहुतेक ब्रेक लावण्याच्या क्षणी. स्टिअरिंग व पेडल हलणार नाहीत अशी बळकट बैठक मात्र हवी. डुगडुगणारे टेबल व चाकांची खुर्ची यांच्यावर बसून कोणालाही नेमके ब्रेक लावता आलेले नाहीत.

पडद्याविषयीही एक बारकावा आहे. पडद्यावर रस्त्याचा किती रुंद भाग दिसावा हे चालकाला ठरविता येते. नवागत तो भाग शक्य तितका रुंद ठेवतो, कारण त्यामुळे वेगाचा भास वाढतो. परंतु त्यायोगे वळण खरे असते त्याहून दूर दिसते आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. योग्य कोन भूमितीने काढता येतो. सत्तावीस इंची पडद्याची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असते. डोळे पडद्यापासून ६० सेंटिमीटर अंतरावर असतील, तर पडद्याच्या दोन कडा डोळ्याशी सुमारे ५३ अंशांचा कोन करतात. तेवढाच कोन यंत्रात भरावा. प्रथम ते दृश्य एखाद्या नळीतून पाहिल्यासारखे वाटते. पण आठवड्याभरात डोळा सरावतो व अंतरे खरी दिसू लागतात.

यानंतर सराव. येथे एक मोटार आणि एक ट्रॅक, हा नियम पाळावा. मोटार निवडावी ती कमी शक्तीची. आयरेसिंगमध्ये नवशिक्यांना माझ्दा एमएक्स-५ ही लहान मोटार दिलेली असते ती उगाच नव्हे. तिचा जोर थोडा असल्यामुळे चालकाची चूक जोरात लपून जात नाही. वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक लावणे, वळण घेता घेता ब्रेक हळूहळू सोडणे, वळणाच्या आतील कडेस मोटार नेमकी नेणे आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर क्रमाक्रमाने दाबणे, हा पाठ तिच्यावर जितका पक्का होतो तितका मोठ्या मोटारीवर होत नाही.

सरावाची कसोटी सर्वांत जलद फेरी ही मानू नये. एखादी फेरी नशिबानेही जलद होते. कसोटी अशी लावावी : सलग दहा फेऱ्या एकदाही ट्रॅकबाहेर न जाता पुऱ्या होतात काय? झाल्या, तर त्यांतील सर्वांत जलद व सर्वांत मंद फेरीत अंतर किती? ते एका सेकंदाच्या आत आले म्हणजे मोटार हातात आली असे समजावे. ज्याच्या फेऱ्या एकसारख्या असतात त्याच्या मागे किंवा पुढे धावण्यास कोणालाही भीती वाटत नाही. तो पुढल्या वळणावर काय करील याचा अंदाज इतरांना बांधता येतो.

एकट्याने धावणे जमले म्हणजे गर्दीत धावण्याची सवय करावी. यासाठी खुल्या शर्यतींचा उपयोग आहे. आयरेसिंगने त्यासाठी दोन अंक ठेवले आहेत. एक कौशल्याचा, तो स्पर्धकांच्या तुलनेने वरखाली होतो. दुसरा सुरक्षिततेचा, तो ०.०० ते ४.९९ यांच्या दरम्यान असतो आणि नवा सभासद २.५० वर आरंभ करतो. चाके ट्रॅकबाहेर गेली की एक दोष, गिरकी खाल्ली की दोन, दुसऱ्या मोटारीला जोराची धडक बसली की चार. असे दोष आणि पार केलेली वळणे यांच्या प्रमाणावर हा दुसरा अंक चढतो अथवा उतरतो. तो वाढला म्हणजे रुकी या पायरीवरून डी, सी, बी आणि ए अशा वरच्या परवान्यांपर्यंत जाता येते. पुष्कळ लीगा प्रवेश देताना ठराविक परवाना मागतात.

या व्यवस्थेत एक गोष्ट नवागताला अन्यायाची वाटते. धडक कोणी दिली आणि कोणाला बसली याची यंत्र चौकशी करीत नाही. दोष दोघांच्याही खाती मांडते. परंतु यात एक शहाणपण आहे. चूक कोणाची हे सिद्ध करण्यापेक्षा धडक टाळण्यात आपले हित आहे, हे मग प्रत्येकास आपोआप कळू लागते. समोरचा चालक डळमळत असेल तर त्याला थोडी जागा द्यावी, हे शहाणपण वादविवादातून येत नाही. ते चार-पाच शर्यती बुडाल्यावर येते.

एवढी तयारी झाल्यावर लीग शोधावी. ती निवडताना वेग, बक्षिसे व थाटमाट यांपेक्षा तीन साध्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट वेळ. युरोपातील लीगा सामान्यतः तिकडच्या संध्याकाळी आठच्या सुमारास असतात. इंग्लंडातील आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. जर्मनी अथवा फ्रान्समधील आठ म्हणजे हिवाळ्यात साडेबारा व उन्हाळ्यात साडेअकरा. हा फरक पडतो तो तेथील घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात म्हणून. आपली घड्याळे बारा महिने तीच. हंगामाच्या मध्येच ही अदलाबदल झाली आणि भारतातील चालक तासभर उशिरा येऊन रिकाम्या ट्रॅकवर उभा राहिला, असे सहज होऊ शकते. ज्याला सकाळी सात वाजता कामावर अथवा कॉलेजात जावयाचे आहे त्याने रात्री दीडची शर्यत पत्करू नये. भारतीय वेळेवर चालणाऱ्या लीगाही आहेत. प्रारंभ तेथून करणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट खर्च. आयरेसिंगसारख्या व्यवस्थेत वर्गणी वेगळी व बहुतेक मोटारी आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. लीगच्या वेळापत्रकात दहा ट्रॅक असतील व त्यांतील सात आपल्याजवळ नसतील, तर प्रवेश विनामूल्य असूनही तो हंगाम महाग पडतो. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी वेळापत्रक हातात घेऊन हिशेब करावा. त्याचप्रमाणे मोटारीची जुळणी सर्वांना एकच दिलेली आहे, की ज्याने त्याने आपली करावयाची आहे, हेही विचारावे. टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगांचा ताठपणा, पंखांचा कोन इत्यादी गोष्टींचे ज्ञान येण्यास वेळ लागतो. नवशिक्याने समान जुळणीची लीग निवडावी. मग हार झाली तरी तिचे कारण शोधणे सोपे जाते.

तिसरी गोष्ट नियम. ज्या लीगचे नियम लिहिलेले नाहीत, तक्रार कोणाकडे करावयाची हे ठरलेले नाही, ती लीग कितीही उत्साही असो, तिचा शेवट बहुधा भांडणात होतो. उलट, नियमपुस्तक दोन पानांचेच असले तरी ते सर्वांना सारखे लागू असेल तर हंगाम पुरा होतो. नाव नोंदविण्याआधी त्या लीगची एखादी झालेली शर्यत चित्रफितीवर पाहावी. पहिल्या वळणावर किती मोटारी टिकतात आणि शर्यत संपल्यावर लोक एकमेकांशी कसे बोलतात, एवढे पाहिले तरी पुरे.

गुणांचा तक्ताही एकदा नीट वाचावा, कारण तो शर्यत कशी करावी हे शिकवितो. पुष्कळ लीगांत फॉर्म्युला वनमध्ये २०१० सालापासून चालू असलेली पद्धत उचललेली असते : पहिल्यास २५, दुसऱ्यास १८, नंतर १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि दहाव्यास १. एका चालकाने चार शर्यतींपैकी एक जिंकली व तीन अपघातात गमावल्या, तर त्याचे २५ गुण होतात. दुसरा चारही शर्यतींत निमूटपणे पाचवा आला, तर त्याचे ४० होतात. हंगाम कोणाचा, हे सांगावयास नको.

दूरदूरच्या ठिकाणांहून एकत्र धावताना एक अडचण असते. तिचे कारण समजून घेतले तर पुष्कळ गैरसमज टळतात. काचेच्या तंतूंतून संदेश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर वेगाने जातो. सात हजार किलोमीटरवरील सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला निदान सेकंदाचे सात-शतांश लागतात. तारा सरळ गेलेल्या नसल्याने व मध्ये अनेक टप्पे असल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक वेळ जातो. आता ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदास ५० मीटर जाते. म्हणजे सेकंदाच्या एक-दशांशात ती पाच मीटर, अर्थात आपल्या लांबीहून अधिक अंतर, पुढे गेलेली असते. यावरून असे दिसेल की, पडद्यावर दिसणारी शेजारची मोटार ही पुष्कळदा संगणकाने बांधलेला अंदाज असतो. म्हणून चाकाला चाक लावून धावताना खऱ्या ट्रॅकवर ठेवावी त्याहून थोडी अधिक जागा येथे ठेवावी. इंटरनेटची जोडणी हवेतून न घेता तारेने घ्यावी, शर्यतीच्या वेळी घरात दुसरीकडे मोठी चित्रफीत चालू नसावी, आणि वीज जाण्याचा संभव असेल तर संगणक व राउटर या दोहोंनाही यूपीएसचा आधार द्यावा. संगणक चालू राहून राउटर बंद पडला तर शर्यत संपलीच म्हणून समजावे.

अखेर पहिल्या शर्यतीचा दिवस येतो. त्या दिवशी एकच उद्दिष्ट ठेवावे : शर्यत पुरी करणे. गर्दीची धास्ती वाटत असेल तर पात्रता-फेरी न करता सर्वांच्या मागून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. निशाण पडल्यावर पहिल्या वळणाशी सर्वांत अधिक अपघात होतात. पुढची मोटार नेहमीपेक्षा आधी ब्रेक लावते, तिच्यामागची आणखी आधी, आणि विसावी मोटार येईपर्यंत सगळी रांग जवळजवळ थांबलेली असते. टायर अजून थंड असतात व त्यांची पकड कमी असते. सरावात ज्या खुणेवर ब्रेक लावला त्याच खुणेवर पहिल्या फेरीत लावणारा पुढच्याच्या पाठीत जाऊन आदळतो. म्हणून पहिल्या वळणाला बरेच आधी ब्रेक लावावा व पुढच्या मोटारीकडे पाहण्याऐवजी तिच्याही पुढील दोन मोटारींकडे दृष्टी ठेवावी.

चालता चालता पाळावयाचे नियम थोडे आहेत, पण ते अंगवळणी पडले पाहिजेत. पुढे जाऊ इच्छिणाऱ्याने वळण सुरू होण्यापूर्वीच शेजारी पोहोचलेले असावे. वळणात ऐन वेळी नाक घुसविणे म्हणजे पुढे जाणे नव्हे. शेजारी मोटार आली असेल तर तिला ट्रॅकवर एका मोटारीची रुंदी सोडावी. बचाव करताना एकदाच बाजू बदलावी. नागमोडी जाऊ नये. आपण ट्रॅकबाहेर गेलो तर परत येताना आधी मागून कोण येत आहे ते पाहावे. गिरकी खाल्ली तर ब्रेक घट्ट दाबून जागच्या जागी थांबावे. कारण थांबलेल्या मोटारीला चुकविता येते, पण मागेपुढे घरंगळणाऱ्या मोटारीला चुकविणे कठीण. निळे निशाण म्हणजे फेरीने पुढे असलेला चालक मागून येत आहे. फॉर्म्युला वनमध्ये अशा वेळी वाट द्यावीच लागते. आयरेसिंगमध्ये ते निशाण मुख्यतः सूचनेपुरते असते. लीगचा नियम यांपैकी कोणता हे आधी विचारून घ्यावे. वाट देताना अकस्मात बाजूला होण्यापेक्षा आपली रेषा धरून सरळ रस्त्यावर थोडा वेग कमी करणे अधिक सुरक्षित.

इतके करूनही धडक व्हायची ती होते. अशा वेळी काय करावे? आपली चूक असेल तर शर्यतीनंतर त्या चालकास स्वतः होऊन तसे सांगावे. हे दोन शब्द नवागताची जितकी पत वाढवितात तितकी कोणतीही जलद फेरी वाढवीत नाही. चूक दुसऱ्याची वाटत असेल तर शर्यत चालू असताना बोलू नये. फेरीचा क्रमांक व वळण टिपून ठेवावे, शर्यतीचे चित्रण जपून ठेवावे, आणि एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी तेच चित्रण समोरच्या चालकाच्या जागेवरून पाहावे. कित्येकदा असे आढळते की, ज्या फटीत आपण शिरलो ती त्याला दिसणेच शक्य नव्हते. तरीही तक्रार राहिली तर ती पंचांकडे चार ओळींत लिहावी : कोणती फेरी, कोणते वळण, कोणत्या मोटारी, काय घडले. समोरच्याच्या हेतूविषयी लिहू नये. पंच गुण कापतील, वेळ वाढवितील अथवा पुढील शर्यतीत मागे उभे करतील. तो निर्णय मानावा. ही पंचमंडळी बहुधा बिनपगारी असतात आणि आपली झोप मोडून ती चित्रणे पाहात असतात, हे विसरू नये.

घरात एकट्याने बसलेला माणूस आपण लोकांत आहोत हे विसरतो, हा या खेळातील मोठा धोका आहे. २०२० सालच्या एप्रिलमध्ये नॅस्कारचा चालक काइल लार्सन अशाच एका शर्यतीत होता. आपला आवाज खाजगी वाहिनीवर जात आहे अशा समजुतीने त्याने वर्णद्वेषाचा एक शब्द उच्चारला. तो सर्वांनी ऐकला. दोन-तीन दिवसांत त्याची खऱ्या शर्यतीतील नोकरी गेली आणि नॅस्कारने त्याला निलंबित केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात फॉर्म्युला ईचा जर्मन चालक डॅनियल आब्ट याने आपल्या जागी एका निष्णात सिम-चालकाला गुपचूप बसविले. लबाडी उघडकीस आली. त्याला बाद करण्यात आले, दहा हजार युरो धर्मादाय द्यावे लागले आणि ज्या कंपनीसाठी तो मोटार चालवी तिने त्याला निलंबित केले. खेळ पडद्यावरचा असला तरी शब्द आणि सचोटी ही खरीच असतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे? लार्सनला त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२१ साली त्याने नॅस्कारचे विजेतेपद मिळविले, हेही सांगितले पाहिजे. कारण चुकलेल्याला परत येण्याची वाट असते.

या खेळातून खऱ्या मोटारीपर्यंत जाता येते काय, असा प्रश्न तरुण नेहमी विचारतात. जाता येते, परंतु क्वचित. स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २००८ साली ग्रॅन टुरिझ्मोच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०११ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. अमेरिकेचा विल्यम बायरन शर्यत प्रथम आयरेसिंगवर शिकला. पुढे २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना येथील पाचशे मैलांची शर्यत त्याने जिंकली. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत आणि ती पाहून शिक्षण सोडणे हा वेडेपणा ठरेल. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या मुलाला खऱ्या ट्रॅकवर मोटार चालवावयाची, तर चेन्नई अथवा कोइमतूरपर्यंतचा प्रवास, टायर, पेट्रोल व दुरुस्ती यांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा असतो. ती हौस त्याला घरच्या खोलीत पुरविता येते आणि तेथे हाडे मोडत नाहीत.

आईवडिलांना या छंदाची काळजी वाटते, ती अगदीच निराधार नाही. रात्री जागणे, पैसे जाणे, अभ्यास मागे पडणे ही भये खरी आहेत. त्यावर उपाय लीगमध्येच आहे. खुल्या शर्यतींना आदि-अंत नसतो. एक संपली की दुसरी सुरू. लीगला मात्र वार व वेळ असते. आठवड्यातून एक शर्यत व दोन दिवस तासभर सराव एवढी मर्यादा घालून घेतली आणि ती घरच्यांना आधी सांगितली, तर हा छंद घरात उपरा राहात नाही. एखाद्या आठवड्यास येणे शक्य नसेल तर लीगच्या चालकांना तसे आधी कळवावे. न कळविता गैरहजर राहणारा चालक वेगवान असला तरी पुढील हंगामात त्याची जागा दुसऱ्याला मिळते.

तात्पर्य, या खेळाचा प्रारंभ करणाऱ्याने वेगाची घाई करू नये. साधी साधने, एक मोटार, एकसारख्या फेऱ्या, सोयीच्या वेळेची लीग, पहिल्या वळणावर संयम आणि शर्यतीनंतर सभ्य शब्द, एवढी शिदोरी पुरेशी आहे. हंगाम संपतो तेव्हा विजेता एकच असतो. परंतु पुढील हंगामाच्या यादीत नावे घालताना लीगचे लोक ज्याचे नाव न विचारता लिहितात, त्यानेही काही कमी मिळविलेले नसते.